श्वास धरायचा नाही!

"अगं, पण तुला पोहता तरी येतं का?"

आमच्या भिशीत मी बालीची हकीकत सांगायला सुरुवात केली, तर पहिलाच प्रश्न हा आला. नाही येत. अजूनही येत नाही. तरीसुद्धा समुद्रात बुडालेलं एक भलंमोठं जहाज मी पाहून आले, आणि तेही काठावरून किंवा होडीतून वाकून नव्हे, चांगलं पाण्याखाली उतरून! सगळ्याजणी माझ्याकडे अशा बघायला लागल्या, जणू मी थापाच मारतेय. म्हणून म्हटलं, एकदा सगळं लिहूनच काढावं.

आमचं रंगांचं दुकान आहे. म्हणजे ह्यांचं. मी आपली सकाळी स्वयंपाक, डबे आटोपून दुपारी चार तास शाळेत जाते. सातवी-आठवीला इतिहास आणि मराठी. यंदा मार्चअखेर ह्यांनी कंपनीचं टार्गेट पुरं केलं आणि कंपनीने निवडक दुकानदारांना 'सपत्नीक' बालीला न्यायचं ठरवलं. पाच रात्री, सहा दिवस. सपत्नीक हा शब्द वाचून मला आधी कुणाकडे सत्यनारायणच आहे असं वाटलं! एप्रिलच्या शेवटी निघायचं होतं. माझे पेपर तपासून झाले होते, चिरंजीवांना सांभाळायला सासूबाई होत्या. नाही म्हणायला कारण नव्हतं. होतं ते एकच, आणि ते मी कुणाला बोलून दाखवलं नाही. बाली म्हणजे चहूकडे पाणी.

पाण्याचं आणि माझं काय वाकडं आहे ते सांगितल्याशिवाय पुढचं कळायचं नाही. आम्ही सांगलीचे. घर गावभागात, नदीपासून फार लांब नाही. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णा आयर्विन पुलापाशी ५७ फुटांच्या वर गेली. धोक्याची पातळी ४५ फुटांची. सासूबाईंनी २००५ चा पूर पाहिलेला. "तेव्हा आलं होतं तेवढंच येईल," असं म्हणत आम्ही सामान पलंगांवर रचलं, धान्याचे डबे माळ्यावर टाकले आणि वरच्या मजल्यावर जाऊन बसलो. पाणी रात्रीतून चढलं. सकाळी मी जिन्यावरून खाली पाहिलं, तर माझं स्वयंपाकघर पाण्याखाली होतं. फ्रीज आडवा होऊन तरंगत होता. सासूबाईंचं शिलाईचं मशीन, जे त्यांच्या आईने त्यांना दिलेलं, ते तर दिसतही नव्हतं. दुसऱ्या दिवशी आम्हाला होडीतून बाहेर काढलं. मुलगा चार वर्षांचा होता, त्याला मी इतकं आवळून धरलं होतं की त्याच्या दंडावर माझी बोटं उमटली. त्याच आठवड्यात ब्रह्मनाळला पुरातली माणसं नेणारी होडी उलटली आणि कितीतरी जण गेले. ती बातमी ऐकली तेव्हा आम्ही नुकतेच होडीतून उतरलो होतो.

पाणी ओसरल्यावर घरात पाऊल टाकलं तर सगळ्यावर एकसारखा चिखल. भांड्यांवर, देवांवर, लग्नाच्या अल्बमवर. आणि तो वास. ज्यांच्या घरात शिरलं होतं त्यांना तो सांगायला नको.

तेव्हापासून मी घाटावर म्हणून गेले नाही. चिरंजीव गेली तीन वर्षं उन्हाळा आला की पोहण्याच्या क्लासचा फॉर्म आणतात आणि मी तो फ्रीजवर ठेवून देते. तिथेच त्याची रद्दी होते.

तर बाली. पहिले तीन दिवस सगळ्यांबरोबर देवळं, भातखाचरं, माकडं, बाजार झालं. पाण्यावरचे खेळ होते, तेव्हा मी सगळ्यांच्या पर्सेस सांभाळत बसले. चौथा दिवस मोकळा होता. बाकीच्या बायका खरेदीला जाणार होत्या. आदल्या संध्याकाळी आमचा ड्रायव्हर बोलता बोलता म्हणाला की पूर्वेच्या किनाऱ्यावर तुलांबेन नावाचं गाव आहे, तिथे महायुद्धातलं जहाज आहे, आणि ते ज्वालामुखीने समुद्रात लोटलं आहे. बास! इतिहासाच्या बाईला आणखी काय पाहिजे? काठावरून बघू, असा माझा हिशेब. पहाटे पाचला निघालो. गाडीने तीनेक तासांचा रस्ता आहे.

हे जहाज म्हणजे 'लिबर्टी'. अमेरिकेत १९१८ साली बांधलेलं, सुमारे १२० मीटर लांबीचं मालवाहू जहाज. ११ जानेवारी १९४२ ला लोंबोकच्या सामुद्रधुनीजवळ जपानी पाणबुडीने त्याच्यावर पाणतीर सोडला. आत रेल्वेचं सामान आणि रबर होतं. एक अमेरिकन आणि एक डच अशा दोन विनाशिका त्याला ओढत बालीच्या उत्तरेच्या सिंगराजा बंदराकडे निघाल्या. पण आत पाणी भरत चाललं, म्हणून निदान माल तरी वाचावा, या हेतूने त्याला तुलांबेनच्या किनाऱ्यावर चढवलं. तिथे ते २१ वर्षं तसंच पडून होतं. मग १९६३ साली शेजारचा आगुंग पर्वत जागा झाला. हजाराहून जास्त माणसं त्यात गेली. त्या हादऱ्यांत हे अगडबंब धूड किनाऱ्यावरून घसरलं आणि समुद्रात गेलं. आता ते किनाऱ्याला समांतर, कुशीवर निजल्यासारखं पडलं आहे. काठापासून जेमतेम तीस मीटरवर! वरचा भाग पाण्याखाली पाचेक मीटरवर, आणि खालचा तळ तीस मीटरच्या जवळपास. म्हणूनच नवशिक्यांनाही ते बघता येतं.

जपानने १९४१-४२ मध्ये आग्नेय आशिया काबीज केला, हे मी वर्गात एका वाक्यात सांगून पुढच्या मुद्द्याला जाते. ते वाक्य असं पाण्याखाली पडलेलं असेल, याची कल्पना नव्हती.

गावाचा किनारा मात्र वाळूचा नाही. काळेभोर, गुळगुळीत गोटे. पायाखाली घरंगळतात. आणि त्या गोट्यांवरून बायका चालत येत होत्या. डोक्यावर चुंबळ, चुंबळीवर आडवा सिलेंडर! पाणबुड्यांचे हवेचे सिलेंडर किनाऱ्यापर्यंत वाहून न्यायचं काम तिथे गावातल्या बायका करतात. आपला गॅसचा भरलेला सिलेंडर तीसेक किलोचा असतो, हा त्याच्या निम्मा. पण काहीजणी एकावर एक दोन घेऊन येत होत्या, पायात साधी रबरी चप्पल, आणि एकमेकींशी गप्पा चाललेल्या. मी आपली दोन्ही हात पसरून, एक एक गोटा चाचपत चालले होते.

एका दगडावर बसून बघत राहिले. दुकानवाल्यांनी आम्हाला विचारलं होतं, आम्ही नुसतं 'बघू' म्हटलं होतं. तेवढ्यात एका बाईने, पन्नाशी उलटलेली असेल, माझ्यासमोर सिलेंडर उतरवला आणि माझ्याकडे बोट दाखवून काहीतरी विचारलं. मी मान हलवली, नाही नाही, मी नाही. ती शेजारच्या मुलीला काहीतरी म्हणाली आणि दोघी हसल्या. ती मुलगी पाण्याखाली शिकवणारी होती. तिने इंग्रजीत सांगितलं, "ती विचारतेय, मग हा मी कुणासाठी आणला?"

काय उत्तर देणार सांगा!

"जायचं का?" मी ह्यांना विचारलं. ह्यांचा चेहरा बघण्यासारखा झाला. आधी फॉर्म भरायचा होता. दमा, हृदयाचा त्रास, कानाचं दुखणं, फीट, गरोदरपण, रक्तदाब, सगळं विचारलेलं. ह्यांना ब्लडप्रेशरची गोळी चालू आहे. डॉक्टरांचं पत्र असल्याशिवाय नाही, असं त्या मुलीने स्वच्छ सांगितलं. माझ्या फॉर्मवर सगळीकडे 'नाही, नाही' होतं. लग्नानंतर पहिल्यांदाच तब्येतीच्या बाबतीत मी वरचढ ठरले!

"मग तू एकटी जाणार?"

"हो," मी म्हटलं. म्हणजे तोंडातून गेलं.

दागिने उतरवायचे होते. बांगड्या, कानातलं मी ह्यांच्या हातात दिलं. मंगळसूत्राशी अडले. ती मुलगी बालीची, घरच्या घरी रोज फुलांचा नैवेद्य ठेवणारी. तिला फार सांगावं लागलं नाही. "लोंबतं राहायला नको, पोशाखाच्या आत घट्ट बसू दे," म्हणाली. तो रबरी पोशाख चढवणं म्हणजे ओल्या अंगाने चुडीदार घालण्यासारखं. दोघींनी मिळून मला त्यात कोंबलं. मनगटावर गणपतीच्या देवळातला लाल दोरा होता, तो राहू दिला.

दुकानामागे छोटा पोहण्याचा तलाव होता, कमरेएवढ्या पाण्याचा. तिथे आधी तास-दीड तास शिकवणी. ह्या सिलेंडरला आपण 'ऑक्सिजनचा' म्हणतो ते चूक. त्यात साधी हवाच असते, पण स्कूटरच्या टायरमध्ये असते त्याच्या सुमारे शंभरपट दाबाने भरलेली. अंगठा वर केला म्हणजे 'छान' नव्हे, 'वर जायचं'. छान असेल तर अंगठा आणि पहिलं बोट जुळवून गोल करायचा. कान दुखायच्या आधीच नाक चिमटीत धरून हळू फुंकायचं. आणि पहिला, सगळ्यात मोठा नियम, श्वास कधीही धरून ठेवायचा नाही. का, ते मला लगेच पटलं. महाबळेश्वरला जाताना घाटात वेफर्सचं पाकीट कसं टम्म फुगतं? वर हवेचा दाब कमी, म्हणून आतली हवा फुगते. पाण्यात तर दहा मीटरवरच दाब दुप्पट असतो. तिथून श्वास धरून वर आलं तर फुगणारं पाकीट म्हणजे आपली फुप्फुसं.

समजलं सगळं. करायची वेळ आली आणि माझं धाबं दणाणलं. डोळ्यांवरच्या काचेत मुद्दाम थोडं पाणी घ्यायचं आणि नाकाने फुंकून बाहेर घालवायचं, एवढंच होतं. पाणी नाकाला लागलं मात्र, मला तो वास आला. तलाव स्वच्छ, निळा, औषध टाकलेला, आणि मला चिखलाचा वास! मी तोंडातली नळी थुंकून ताडकन उभी राहिले. पाणी कमरेला होतं. काठावर हे बांगड्या घेऊन उभे.

मुलगी काही बोलली नाही. माझा खोकला थांबेपर्यंत थांबली. मग म्हणाली, "पाणी तुम्हाला लागायच्या आधीच तुम्ही श्वास थांबवता. मी बघत होते."

तिला काय माहीत, पण खरं होतं. पावसाची मोठी सर आली की मी घरात काम करता करता थांबते. हातातली पोळी तव्यावर करपते. आपण थांबलो हेच मला कळत नाही, सासूबाई हाक मारतात तेव्हा कळतं.

पुन्हा केलं. पुन्हा फसलं. पाचव्यांदा जमलं. कुणी म्हणेल, पाच वेळा! पण आठवीच्या वर्गात एखाद्या पोराला पाचव्यांदा जमलं तर मी शाबासकीच देते.

मग समुद्र. सगळ्यात अवघड काय असेल तर ते गोट्यांवरून पाण्यात शिरणं. त्या मुलीने माझा दंड धरला तो शेवटपर्यंत सोडला नाही. डोकं पाण्याखाली गेलं आणि एकदम शांत झालं. फक्त माझ्याच श्वासाचा आवाज, घरघर आत, बुडबुड बाहेर. खाली काळी वाळू उतरत गेलेली. त्या वाळूतून बारीक दांड्यांसारखं काहीतरी उभं होतं, मेथीची जुडी रोवावी तसं. जवळ गेलो तर सगळ्या दांड्या सरसर आत! त्या वामीच्या जातीच्या होत्या, अर्ध्या बिळात राहणाऱ्या.

आणि मग समोर एक भिंत आली. जहाज आहे हे लगेच कळतच नाही. आधी वाटतं, टेकडीच आहे. मग हळूहळू सरळ रेषा दिसायला लागतात. खांब, तुळई, पत्र्याची कड. निसर्गात एवढी सरळ रेघ नसते. त्यावर प्रवाळाचे गठ्ठे, सुपाएवढे जाळीदार पंखे, रांजणासारखे स्पंज. करड्या-पिवळ्या माशांची ये-जा तर मंडईतल्यासारखी. एक मोठा थवा चंदेरी माशांचा डोक्यावरून गेला, आणि गेला म्हणजे वळत वळत गोल फिरत राहिला. निळे-हिरवे पोपटमासे प्रवाळ कुरतडत होते. त्यांचा कुरकुर आवाज चक्क ऐकू येतो! चिरंजीवांनी विचारलं असतं म्हणून मी झालरीच्या फुलासारख्या त्या प्राण्यात राहणारा नारिंगी-पांढरा मासाही शोधून काढला.

नवशिक्यांना बारा मीटरच्या खाली नेत नाहीत आणि जहाजाच्या आत तर अजिबात नाही. आम्ही बाहेरूनच, दहाएक मीटरवरून चाललो होतो. एका ठिकाणी पत्रा फाटून दारासारखी मोठी खिंड झाली होती. मुलीने खूण केली, इथे थांबू, आत बघ. आत अंधार. वरून कुठूनतरी उजेडाची तिरीप पडलेली, आणि त्यात सगळं तिरपं. जमीन भिंतीच्या जागी, भिंत छताच्या जागी. मला जिना आठवला. आमचा जिना, आणि खाली तरंगणारा फ्रीज. मी वाट बघत होते की आता तो वास येईल, आता माझा श्वास अडेल. आतून एक ठिपकेवाला जाड मासा संथपणे उंबऱ्यापर्यंत आला, आमच्याकडे बघितलं आणि परत आत गेला. दुपारी दार वाजलं म्हणून उठलेल्या आजोबांसारखा. घरघर आत, बुडबुड बाहेर. माझा श्वास चालू होता. आत नीट बघितलं तर कोपरा न् कोपरा कुणीतरी व्यापलेला. चिखल कुठेच नव्हता.

किती वेळ थांबलो कोण जाणे. मुलीने माझं मनगट धरून दोरा दाखवला. लाल दोरा तपकिरी-काळा दिसत होता! पाण्यात सगळ्यात आधी लाल रंग नाहीसा होतो. सूर्यप्रकाशातला तेवढा भाग वरचं पाणीच शोषून घेतं. तिने हातातली बॅटरी लावली आणि दोरा पुन्हा लालचुटुक. ती बॅटरी मग जहाजावर फिरवली, तर जो पत्रा राखाडी दिसत होता त्यावर लाल, केशरी, जांभळं! रंगांच्या दुकानदाराच्या बायकोने शेडकार्ड पुष्कळ पाहिलीत, पण हे निराळंच.

सावकाश वर आलो. पाच मीटरवर तीन मिनिटं थांबायचं असतं, तेही थांबलो. एकूण पस्तीस मिनिटं झाली होती.

डोकं बाहेर काढलं तर हे गुडघाभर पाण्यात, विजार भिजवून उभे. मुठीत बांगड्या. "बुडबुडे दिसत होते तोवर ठीक होतं," म्हणाले, "मग दिसेनासे झाले." पुढे काही बोलले नाहीत. पुराच्या वेळी आमची होडी आधी सुटली होती आणि हे मागच्या होडीत होते. त्याबद्दल आम्ही दोघं आजवर बोललो नव्हतो. त्या दिवशीही नाही बोललो. पण परतीच्या वाटेवर ह्यांनी गाडीत माझा हात धरला होता, ड्रायव्हरसमोर!

सिलेंडर न्यायला तीच बाई आली. रिकामा झाला का बघितलं, पसंतीची मान हलवली. त्या मुलीच्या मदतीने थोडं बोलणं झालं. तिच्या आईचं घर १९६३ मध्ये गेलं होतं. २०१७ साली आगुंग पुन्हा धुमसायला लागला तेव्हा लाखाहून जास्त लोकांना हलवलं होतं, त्यात हिचं कुटुंबही होतं, नातेवाइकांकडे. परत आल्यावर पुन्हा तेच काम. "तुमच्याकडे डोंगर आहे का?" तिने विचारलं. मी म्हटलं, डोंगर नाही, नदी आहे. तिने 'हं' केलं आणि सिलेंडर डोक्यावर घेतला.

भिशीतल्या प्रश्नांची उत्तरं इथेच देते. सर्दी असेल तर जाऊ नका, कान दगा देतात. दिवस गेलेले असतील तर मुळीच नाही. अडचणीचे दिवस असतील तर मात्र बंदी नाही, आपल्याला बरं वाटतंय ना एवढंच बघायचं. वर आल्यावर निदान अठरा तास विमानात बसायचं नाही, म्हणून शेवटच्या दिवसावर ठेवू नका. आणि बाली लांब पडत असेल तर आपल्याकडे तारकर्लीलाही शिकवणाऱ्याबरोबर पाण्याखाली नेतात. तिथे जहाज नाही, मासे आहेत.

घरी आल्यावर सासूबाईंनी सगळं ऐकून घेतलं. मंगळसूत्राचं मी सांगितलं, त्यांनी फक्त "बरं केलंस" म्हटलं. मग बराच वेळाने विचारलं, "इतकी वर्षं खाऱ्या पाण्यात, आणि लोखंड अजून उभं आहे?" मी म्हटलं, पुष्कळसं आहे. त्यांचं मशीन पुरानंतर गच्चीवर पत्र्याखाली ठेवलं आहे. भंगारात देऊ देत नाहीत आणि बघतही नाहीत. दुसऱ्या दिवशी दुपारी मी वर कपडे वाळत घालायला गेले, तर त्या तेलाची बुधली घेऊन चाकाशी बसल्या होत्या. फिरत काही नव्हतं.

फ्रीजवरचा फॉर्म मी भरला. मे महिनाभर सकाळी सात वाजता तलावाच्या काठावर बसून काढला. पहिले चार दिवस चिरंजीवांपेक्षा माझेच हात घट्ट आवळलेले होते. तिथे फलक आहे, बायकांची बॅच दुपारी बारा ते एक. माझी शाळा साडेबाराला भरते. मुख्याध्यापिकाबाईंशी बोलून बघायचं आहे.